टेकण

बोट तशी ठणठणीत आहे.
कुजलंय ते टेकण:
ट्रेलरवरच्या दोन लांब फळ्या,
ज्यांच्यावर ती वर्षातले अकरा महिने
नऱ्ह्याच्या सोसायटीत, पार्किंग क्रमांक चौदामध्ये
बसून असते.

(सेक्रेटरींची चिठ्ठी: 'सदर वाहन नेमके कोणते?'
दुचाकी, चारचाकी.
तिसरा रकाना त्यांच्या वहीत नाही.)

परवा खडकवासल्याच्या बॅकवॉटरला उतरवताना
उजवीकडून कुणी कण्हल्यासारखं झालं.
बोटीखाली वाकून फळीत बोट खुपसलं,
पेरभर आत गेलं,
शिळ्या पावात जावं तसं.

मग आज सकाळी चार पोरं, दोन जॅक, सहा जुने टायर,
आणि वॉचमन लिंबाजीच्या सूचना,
ज्यातली एकही कुणी ऐकली नाही.
बोट उचलली गेली.

आता गालिचा.
गालिचा म्हणायचं आपलं.
कुठल्याशा मंगल कार्यालयातून उतरलेला लाल तुकडा,
सात वर्षांत शेवाळी झालेला.
ओढला की पिना तडतडत सुटतात,
आतून धरणाचा वास,
गोगलगाईचं रिकामं घर, मूठभर वाळू
आणि गळाचा अर्धा आकडा, जो मला लागला.

फळी उलटी केली.
खालच्या, कोरड्या राहिलेल्या अंगाला
सुताराच्या जाड पेन्सिलीनं:
'उजवी. पुढचं टोक इकडे. गडबड करू नये.'

पद्माकरचं अक्षर.
गडबडमधल्या दोन्ही ड-ना
उगाचच शेपूट.

अर्धा ट्रेलर त्याचा आहे.
तीन वर्षं आम्ही बोलत नाही.
कारण सांगण्याजोगं नाही:
पेट्रोलचे साडेचारशे,
आणि त्याच्या मेहुण्यासमोर मी केलेला एक विनोद,
जो मला अजूनही बरा वाटतो.

दुपारी टिंबर मार्केट.
कासम मिस्त्रींनी जुना तुकडा नखानं टोकरला,
नाकाशी नेला.
'पाण्यानं नाही मेलं हे. पाणी येतं, जातं.
वरच्या पांघरुणानं धरून ठेवलं, त्यानं मेलं.'
सागवान म्हटल्यावर हसले,
'बोट काय दिवाणखान्यात बसवायचीय?'
आणि ऐनाच्या दोन फळ्या काढल्या,
बोटाच्या पेरानं वाजवून,
कान लावून, एक परत ठेवून, दुसरी घेऊन.

नऊ फुटांच्या त्या फळ्या टेम्पोच्या मागे
तीन फूट बाहेर.
टोकाला लाल फडकं लागतं.
खिशात गालिच्याचा तुकडा होता, तोच बांधला.
अख्ख्या शंकरशेट रस्त्यावर
मागचे लोक जपून राहिले त्याच्यापासून.

कापलेल्या टोकांना जवसाचं तेल पाजलं.
टोकं पितात सगळ्यात जास्त.
मग, स्क्रू कुठले घ्यायचे हे मला माहीत असूनही,
कुजलेल्या फळीचा फोटो त्याला पाठवला.
अक्षराच्या बाजूनं.

चाळीस मिनिटांनी उत्तर:
'स्टेनलेस. डोकी खोल बसव.'
बोहरी आळीत पोचलो तेव्हा आणखी एक:
'पिना खालून.'

एवढंच.

नवी फळी सरळ आहे, फार सरळ.
जुनीवर बोटीच्या पोटाचा खळगा होता,
हिला अजून काहीच ठाऊक नाही.
राखाडी गालिचा गुंडाळण्याआधी
पेन्सिल घेऊन खाली बसलो,
गुडघे कुरकुरले,
आणि लिहिलं: 'उजवी. पुढचं टोक इकडे.'
तिसरं वाक्य लिहायला घेतलं,
ड-पाशी हात थांबला.

डावीवर काही लिहिलेलं नाही.
तिचा गालिचाही अजून लावला नाही,
स्टेपलरमध्ये पिना भरलेल्या आहेत.
रविवारी लावीन म्हणतो, सकाळी आठनंतर.
तसं कळवलंय.

दोन निळ्या खुणा दिसतायत.